जुन्या गाडीचा डॅशबोर्ड न मोडता कसा काढावा

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार पाहून घरी परतणाऱ्या अनेक कोल्हापूरकरांना आपल्याच परसात ताडपत्रीखाली उभी असलेली आजोबांची गाडी आठवते. ती बहुधा प्रीमियर पद्मिनी असते, नाहीतर अँबॅसॅडर. हौसेने काम सुरू होते, इंजिन बोलू लागते, तळाचा सडलेला पत्राही बदलून होतो आणि मग गाडी रंगाला देण्यापूर्वी डॅशबोर्ड काढण्याची वेळ येते. बरीच कामे येथेच अडून राहतात. डॅशबोर्डच्या मागे वायरी, केबली, नळ्या आणि आड दडलेले स्क्रू यांची जी गर्दी असते ती बाहेरून दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीला घाईने हिसका दिला की पन्नास वर्षे टिकलेली वस्तू पाच मिनिटांत मोडते. हे काम प्रथमच करू पाहणाऱ्यांसाठी पुढील क्रम लिहिला आहे. तो पद्मिनी आणि अँबॅसॅडर या दोन्ही गाड्यांना साधारणपणे लागू पडतो. तरी आपल्या गाडीचे साल आणि मॉडेल पाहून त्यात थोडाफार बदल करावा लागेल.

डॅशबोर्ड खरोखरच निघतो का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, परंतु पाना हातात घेण्यापूर्वी त्याचे उत्तर मिळवणे आवश्यक आहे. त्या काळातील कित्येक गाड्यांमध्ये डॅशबोर्डचा मुख्य पत्रा हा बॉडीचाच भाग असतो. तो पुढच्या काचेखालच्या पत्र्याला आणि दोन्ही बाजूंच्या खांबांना कारखान्यातच वेल्डिंगने जोडलेला असतो. अशा गाडीत "डॅशबोर्ड काढणे" म्हणजे त्या पत्र्यावर बसवलेले मीटर, पॅडिंग, ग्लोव्ह बॉक्स, स्विच आणि पट्ट्या काढून पत्रा मोकळा करणे, एवढाच अर्थ होतो. इतर गाड्यांत संपूर्ण चौकट बोल्टवर बसवलेली असते आणि ती अखंड बाहेर येते. विजेरी घेऊन पायापाशी पाठीवर झोपावे आणि कडेचे सांधे नीट पाहावेत. ठराविक अंतरावर लहान गोल खळगे दिसले तर ते स्पॉट वेल्डिंग आहे; तेथे कापाकापीचा विचारसुद्धा करू नये. त्याला आणखी एक कारण आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी व चारचाकी वाहने व्हिंटेज म्हणून नोंदवता येतात. १९७० च्या दशकातील गाड्या आता ही वयोमर्यादा ओलांडू लागल्या आहेत, तेव्हा ग्राइंडर चालवून मूळ पत्रा गमावणे परवडणारे नाही.

हंगाम, जागा आणि हत्यारे

कोल्हापुरात हे काम दिवाळीनंतर सुरू करून पावसाळ्यापूर्वी संपवावे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत इतका ओलावा असतो की घासून उघडा केलेला पत्रा प्रायमरशिवाय राहिला तर दोन-चार दिवसांत त्यावर तांबूस झाक येते. मे महिन्याचे कडक ऊनही तितकेच घातक आहे, कारण जुने पॅडिंग उन्हात ठेवले की वाकते आणि तडकते. छप्पर असलेली, कुलूप लावता येणारी आणि मुलांचा वावर नसलेली जागा निवडावी. गाडीला दोन्ही दारे पूर्ण उघडता येतील एवढी मोकळीक दोन्ही बाजूंना असावी.

हत्यारांच्या बाबतीत गाडीचे मूळ लक्षात घ्यावे लागते. पद्मिनी ही मूळची इटलीची फियाट ११००, म्हणून तिला मिलिमीटरचे पाने लागतात. ८, १० आणि १३ क्रमांकांवर बहुतेक काम भागते. अँबॅसॅडर ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घडवलेली असल्यामुळे तिच्यात बऱ्याच ठिकाणी इंची मापाचे आटे आढळतात, आणि तेथे मिलिमीटरचा जवळपास बसणारा पाना लावला की नटाचे कोपरे गोल होतात. लुकास या ब्रिटिश विद्युत-उपकरण कंपनीच्या पद्धतीच्या स्विचांवर आणि मीटरांवर तर बीए या जुन्या ब्रिटिश मापाचे आणखी बारीक नट असतात. ते हरवले तर सहज मिळत नाहीत. यांशिवाय गोटी पान्यांचा संच, लांब आणि आखूड दांड्याचे स्क्रू ड्रायव्हर, टोकदार पक्कड, डोक्याला बांधायची विजेरी, लहान आरसा, काठीला लावलेले चुंबक आणि गंज सोडवणारा स्प्रे एवढे जवळ असावे. गंजलेल्या स्क्रूंवर हा स्प्रे आदल्या रात्रीच मारून ठेवावा. स्क्रू ड्रायव्हरचे टोक स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारे हवे. झिजलेल्या टोकाने आधी खाच जाते आणि मग ड्रिल हाती घ्यावे लागते.

बॅटरी सोडण्यापूर्वी आणि नंतर

बॅटरी चालू अवस्थेत असेल तर ती लगेच सोडू नये. आधी चावी फिरवून प्रत्येक स्विच, मीटर आणि दिवा तपासावा आणि काय चालते, काय चालत नाही हे वहीत लिहावे. पेट्रोलचा काटा आधीपासूनच हलत नव्हता हे ठाऊक नसेल, तर नंतर तो आपल्याच हातून बिघडला असे समजून तुम्ही आठवडाभर वायरी शोधत बसाल.

त्यानंतर बॅटरीचे अर्थिंगचे टोक सोडावे. येथे नवशिक्यांची एक हमखास चूक होते. मायनस म्हणजेच अर्थिंग, असे आपण गृहीत धरतो. पण काही जुन्या ब्रिटिश ठेवणीच्या गाड्यांमध्ये प्लस टोक बॉडीला जोडलेले असते. म्हणून टोकाची खूण न पाहता कोणती जाड वायर बॉडीच्या पत्र्याला किंवा इंजिनाला बोल्टने बसवली आहे ते पाहावे आणि तीच प्रथम काढावी. मग दुसरे टोक काढून बॅटरी गाडीतून बाहेर ठेवावी. कामाचे दोन-तीन दिवस ती आत ठेवण्याची काहीच गरज नसते.

नोंद कशी ठेवावी

माझ्या मते या संपूर्ण कामाचा निम्मा वेळ नोंदीसाठी द्यावा. भरपूर छायाचित्रे काढावीत: आधी लांबून, मग जवळून, मग खालून वर पाहत. प्रत्येक वायरीचा रंग आणि ती कोणत्या टोकाला जाते हे दोन्ही एकाच चित्रात आले पाहिजे.

वायरींना खुणा करताना मी स्वतः जी चूक केली ती सांगणे उपयोगाचे ठरेल. पहिल्या गाडीच्या वेळी मी रंगकामाची कागदी चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर साध्या बॉलपेनने क्रमांक लिहिले होते. काम लांबले, आषाढ आला, आणि महिन्याभराने ताडपत्री उचलली तेव्हा निम्म्या पट्ट्या गळून खाली पडल्या होत्या. उरलेल्यांवरची शाई फुटून सगळे आकडे सारखेच दिसत होते. त्या वायरी जुळवायला मला तीन रविवार लागले. तेव्हापासून मी कापडी पट्टी आणि पक्क्या शाईचा पेन वापरतो, आणि तोच क्रमांक वायरीवर, ती जेथून काढली त्या टोकावर आणि वहीत, असा तीन ठिकाणी लिहितो.

अँबॅसॅडरसारख्या गाडीत लुकासची रंगपद्धत माहीत असेल तर हे काम निम्म्याने सोपे होते. तपकिरी वायर बॅटरीकडून थेट येते आणि तिच्यात फ्यूज नसतो. पांढरी वायर चावी फिरवल्यावर जिवंत होते. हिरवीला चावीनंतर फ्यूजमधून वीज मिळते. लाल बाजूच्या व मागच्या दिव्यांची, निळी हेडलाइटची आणि काळी अर्थिंगची. मात्र मधल्या काळात एखाद्या दुरुस्तीत हाताशी असेल त्या रंगाची वायर जोडलेली असण्याची शक्यता नेहमीच असते, म्हणून रंगावर अर्धाच विश्वास ठेवावा. पन्नास वर्षांत पांढरी वायर पिवळट आणि लाल वायर तपकिरी दिसू लागते. खरा रंग पाहायचा असल्यास वरची गुंडाळी थोडी सोडून आतला भाग पाहावा.

स्क्रूंसाठी सर्वांत सोपी युक्ती पुठ्ठ्याची. एका मोठ्या पुठ्ठ्यावर डॅशबोर्डची आकृती काढावी आणि जो स्क्रू जेथून निघाला तो त्याच जागी पुठ्ठ्यात टोचून ठेवावा. एकाच डब्यात सगळे स्क्रू टाकले तर नंतर लांब स्क्रू आखूड जागी बसवला जातो आणि त्याचे टोक मागच्या वायरीत घुसते. असे शॉर्टसर्किट शोधणे फार जिकिरीचे असते. नट आणि वायसर स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या मिसळणाच्या डब्यात छान राहतात.

पुढची जागा मोकळी करणे

प्रथम पुढची सीट काढावी. एवढ्या एका गोष्टीने डॅशबोर्डखाली झोपून काम करणे सुसह्य होते. सीटच्या जागी जुनी वाकळ अंथरावी आणि दाराच्या उंबऱ्यावरही एक टाकावी, म्हणजे पाठ आणि रंग दोन्ही वाचतात.

डॅशबोर्डवर गणपतीची मूर्ती, अंबाबाईचा किंवा जोतिबाचा फोटो बहुतेक गाड्यांत चिकटवलेला असतो. तो पात्याने खरवडून काढू नये. केस वाळवण्याच्या यंत्राने डिंक कोमट करून मूर्तीखालून नायलॉनचा दोरा करवतीसारखा पुढे-मागे ओढला की ती अलगद सुटते, आणि खालच्या रंगाला किंवा रेक्झिनला ओरखडा पडत नाही. नंतर जोडलेला टेप, पंखा, जादा हॉर्नचा रिले, चोरीविरोधी स्विच यांच्या वायरी याच टप्प्यावर वेगळ्या ओळखून काढाव्यात. त्या मूळ वायरिंगला कोठे कोठे टोचून जोडल्या आहेत हे चित्रासह नोंदवावे, कारण तीच ठिकाणे पुढे गरम होतात.

स्टिअरिंग

काही गाड्यांत स्टिअरिंगचा दांडा खाली उतरवला की काम भागते; त्यासाठी डॅशबोर्डखालचे दांडा धरून ठेवणारे बोल्ट सोडून दांडा हळूच सीटच्या जागेवर टेकवावा. पद्मिनीप्रमाणे गिअरचा दांडाही स्टिअरिंगलाच असेल, तर खालच्या जोडण्यांवर ताण येत नाही ना हे पाहावे. चाकच काढायचे झाल्यास पुढची चाके सरळ करून ठेवावीत, हॉर्नचे बटण काढावे आणि मधल्या नटाखाली दांडा आणि चाक या दोन्हींवर एकाच रेषेत खूण करावी. नट पूर्ण काढू नये. तो तीन-चार आट्यांवर तसाच ठेवून चाक दोन्ही हातांनी आलटून पालटून ओढावे. नट काढून ओढले तर चाक अचानक सुटून थेट तोंडावर येते. हातोडीने दांड्याच्या टोकावर ठोकणे सर्वस्वी टाळावे. चाक बधत नसेल तर पुलर, म्हणजे चाक ओढून काढण्याचे हत्यार, वापरावे.

स्विच, मीटर आणि नळ्या

ही खरी नाजूक जागा. चोक आणि दिव्यांच्या ओढायच्या मुठी फिरवून निघत नाहीत तेव्हा त्यांच्या मानेवर खालच्या बाजूला एक बारीक छिद्र असते. त्यात टाचणी किंवा सायकलच्या आऱ्याचा घासलेला तुकडा दाबला की आतली स्प्रिंगची खुंटी मागे सरते आणि मूठ निघते. स्विचाभोवतीच्या गोल, दोन खाचांच्या रिंगेला पक्कड लावू नये. तिच्यासाठी दोन दातांचे हत्यार लागते. जुन्या पकडीची टोके कानशीने घासून ते घरीही करता येते, आणि कोणाला ते नीटनेटके हवे असेल तर उद्यमनगर या कारखान्यांच्या वस्तीतील एखादा लेथवाला ते सहज करून देऊ शकतो. बेकेलाइटच्या, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकच्या, मुठी थंडीच्या सकाळी फार ठिसूळ असतात, म्हणून मी हे काम दुपारी करतो.

मीटरचा भाग पुढे ओढण्यापूर्वी मागून हात घालून वेगाच्या मीटरची केबल सोडावी. हात पोहोचत नसेल तर इंजिनाच्या बाजूने केबल थोडी आत ढकलून ढिली करावी, म्हणजे मीटर दोन-तीन बोटे पुढे येते. त्यानंतर दिव्यांचे होल्डर एकेक करून ओढावेत. वायर धरून कधीही ओढू नये. वायरीच्या टोकाला बसवलेले धातूचे थिंबल किंवा रबराखालचे गोळीचे टोक धरूनच ओढावे. काटा हाताने फिरवून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. वेगाच्या मीटरच्या आत फिरणारे चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. बोटाने काटा फिरवला की हीच स्प्रिंग बिघडते.

सर्वांत मोठा धोका मात्र नळ्यांचा असतो. पाण्याचे तापमान दाखवणारे मीटर जुन्या पद्धतीचे असेल तर त्याच्या मागून तांब्याची वायरीसारखी दिसणारी नळी थेट इंजिनापर्यंत जाते. तिच्यात सहज वाफ होणारे द्रव सीलबंद असते. नळी कापली किंवा घडी पडून मोडली की मीटर कायमचे निकामी होते. तिचे इंजिनाकडचे टोक पाणी थंड असताना आणि थोडे काढून घेतल्यावर सोडावे, नळी मोठ्या वेटोळ्यात गुंडाळावी आणि मीटरसह एकत्र बाहेर काढावी. तेलाच्या दाबाच्या मीटरची नळी पोकळ असते, तिच्यातून तेल गळते, म्हणून तिच्याखाली चिंधी ठेवावी. मीटरच्या पाठीवर पत्र्याची एक लहान डबी दिसली, तर ती पेट्रोल आणि तापमानाच्या काट्यांना सुमारे १० व्होल्टचा सरासरी दाब देणारा स्टॅबिलायझर असू शकते. तिची वरची बाजू कोणती हे चित्रात टिपून ठेवावे आणि त्या काट्यांना बॅटरीची सरळ जोडणी देऊन कधीही तपासू नये. १९६० पूर्वीच्या काही मीटरांच्या काट्यांवर अंधारात चमकणारा रेडियमयुक्त रंग असे. इतक्या जुन्या गाडीचे मीटर घरी उघडू किंवा घासू नये.

मुख्य चौकट बाहेर काढणे

आता एक माणूस मदतीला बोलवावा. आधी खालचे आधार, मग मधले आणि शेवटी वरच्या किंवा कडेच्या टोकांचे बोल्ट सोडावेत. शेवटचे दोन बोल्ट हाताने फिरतील इतके ढिले करून तसेच ठेवावेत, म्हणजे चौकट अचानक खाली येत नाही. काही गाड्यांत पॅडिंगची वरची कड पुढच्या काचेच्या रबराखाली दबलेली असते. रंगकामासाठी काच निघणारच असेल तर ती आधी काढून घ्यावी. काच जागेवर ठेवून पॅडिंग उपसण्याच्या नादात तडकलेल्या काचा मी पाहिल्या आहेत.

दोघांनी दोन टोके धरून चौकट वितीएवढी मागे घ्यावी आणि तेथेच थांबून विजेरीने आतील प्रत्येक कोपरा पाहावा. हमखास एखादी अर्थिंगची वायर, ग्लोव्ह बॉक्सच्या दिव्याची वायर किंवा हवेचा पाइप अजून अडकलेला असतो. चौकट एका बाजूने सुटते आणि दुसऱ्या बाजूने हलत नाही, तेव्हा तेथे न दिसलेला स्क्रू असतो: ग्लोव्ह बॉक्सच्या आत, राखदाणीच्या मागे, काचेवर हवा सोडणाऱ्या जाळीखाली किंवा दार उघडल्यावरच दिसणाऱ्या कडेला. सब्बल किंवा मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटल्याने पत्र्याला जी वाक येते ती डेंटिंगवाल्यालाही पूर्णपणे काढता येत नाही. सर्व मोकळे झाल्यावर चौकट डाव्या दाराने बाहेर काढावी. उजवीकडे स्टिअरिंगचा दांडा आडवा येतो.

मागे लावलेले जुने उष्णतारोधक तक्ते भुसभुशीत झाले असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता गृहीत धरावी, मास्क लावावा, त्यांवर पाणी शिंपडावे आणि झाडू किंवा हवेचा झोत वापरू नये.

मोकळ्या जागेत काय पाहावे

डॅशबोर्ड बाहेर असताना जे काम होते ते नंतर दहापट कष्टाने होते. पुढच्या काचेखालच्या पोकळीत साठलेली पाने आणि माती काढून पाणी वाहून जाण्याची छिद्रे तार घालून मोकळी करावीत. पायापाशी पाणी येण्याचे कारण बहुधा तेथेच असते. इंजिन आणि बसण्याची जागा यांच्या मधल्या पत्र्यातून वायरी जेथे पलीकडे जातात तेथील छिद्रांतले रबरी ग्रोमेट, म्हणजे कडी, कडक झाले असतील तर बदलावेत. वायपरची मोटर आणि तिचे दांडे साफ करावेत.

२०१९ किंवा २०२१ च्या महापुरात उभी असलेली गाडी असेल तर वायरिंगकडे अधिक बारकाईने पाहावे. पंचगंगेचा गाळ गुंडाळीच्या आत शिरून तेथे वर्षानुवर्षे ओल धरतो आणि तांबे आतून हिरवे-काळे पडत जाते. वायर बाहेरून ठीक दिसते, पण वाकवली की कुरकुरते. अशी वायरिंग धुऊन वापरण्यापेक्षा जुनी अखंड काढून, तिच्याच मापाने आणि रंगाने नवी बांधून घ्यावी.

काढलेली चौकट पाट किंवा फळीवर सपाट ठेवावी, भिंतीला टेकवून उभी करू नये. मीटर कापडात गुंडाळून घरात ठेवावेत, गोदामात नव्हे. मॅझाकचे, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचे, तुटलेले लहान भाग नेहमीच्या वेल्डिंगने जुळत नाहीत. ते फेकून न देता नमुना म्हणून जपावेत, कारण शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींच्या गावात नमुन्यावरून ॲल्युमिनियमचा तुकडा ओतून घेणे इतर ठिकाणांपेक्षा सोपे आहे.

चौकट रंगाला देताना रंगाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगावी. अनेक मीटर आणि दिवे यांचे अर्थिंग चौकटीच्या पत्र्यातूनच होते, आणि त्या जागांवर जाड रंग बसला की जोडणीनंतर दिवे मंद लागतात व काटे चुकीचे दाखवतात. म्हणून अर्थिंगच्या आणि बोल्टच्या जागांवर पट्टी लावूनच रंग मारावा. केबलला ग्रीस लावताना वरची चार बोटे कोरडी ठेवावीत, नाहीतर फिरता फिरता ग्रीस मीटरमध्ये चढते. आणि या मधल्या काळात गाडी हलवण्याची वेळ आली तर स्टिअरिंगच्या दांड्याचे बोल्ट तात्पुरते पूर्ण आवळून, चाक खुणेवर बसवून आणि मधला नट घट्ट करूनच तिला ढकलावे.